एका विश्वासू बाईकडून

बेयाने कणकेची वळी लांबवली, तांब्याच्या हंड्याच्या गळ्याभोवती फिरवली आणि अंगठ्याने दाबत दाबत ती सांधा बुजवत आली. वाफ निसटायला केसाएवढी फट पुरते, आणि निसटलेली वाफ म्हणजे हातचे गेलेले फूल. दारात कोण उभे आहे हे तिला पावलांवरूनच कळले असावे. मान वर न करता ती म्हणाली,

"चपला बाहेर. फुलं पसरलीत."

दुर्साफने चपला काढल्या. तिच्या एका हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला फाश्का, फुलांचे पाणी साठवायची काचेची सुरई, होता, काखेत बुटांचे खोके आणि खांद्याला पिशवी. अंगणभर पांढरे कापड अंथरलेले होते आणि त्यावर कडू नारिंगाची फुले, पहाटे झाडावरून उतरवलेली, अजून कळीच्या बेतातली. भिंतीच्या सावलीत शेजारची म्हातारी ख़दूजा देठ खुडत बसली होती. "आलीस का पोरी," असे ती म्हणाली, मग तिने बेयाकडे पाहिले आणि पुढचे बोलणे गिळले.

चुलीजवळ एक ठेंगणे स्टूल होते. त्यावर कणकेचे ताट ठेवलेले होते. बेयाने ते उचलले नाही.

फेब्रुवारीत दुर्साफच्या वडिलांना, हमादी मास्तरांना, पुरले त्या दिवसानंतर आत्या आणि भाची समोरासमोर येत होत्या त्या आज. त्या दिवशीही दोघी बोलल्या नव्हत्या. बेयाच्या लेखी गोष्ट सरळ होती: आजारी भावाला पोरीने ट्यूनिसला नेले, तिथल्या तिसऱ्या मजल्यावर तो अकरा आठवडे झिजला, आणि नाबुलला परतला तो कफनात. दुर्साफच्या लेखीही गोष्ट सरळच होती. नाबुलहून ट्यूनिसला गाडीने दीड तास लागतो, आणि अकरा आठवड्यांत आत्या एकदाही आली नाही.

त्या अकरा आठवड्यांत तिने वडिलांना न्हाऊ घातले होते. त्यांचा उजवा दंड उचलून पुसताना तो अर्धचंद्रासारखा जुना व्रण रोज दिसायचा. बारा-तेरा वर्षांची असताना तिने एकदा विचारले होते, हे काय आहे बाबा. त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले होते, अंदलूसहून, समुद्रापलीकडच्या जुन्या स्पेनहून, आलेल्या एका सद्गृहस्थाने दिले. नंतर जेव्हा जेव्हा विचारले तेव्हा तेच उत्तर. शेवटच्या दिवसांत तिने विचारले नाही, आणि आता त्याचीच रुखरुख लागली होती.

ख़दूजानेच उठून कॉफी आणून दिली. दुर्साफने पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. कॉफीत फुलाच्या पाण्याचा थेंब नव्हता. या घरात थेंबाशिवाय कॉफी फक्त विजेचा मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला मिळायची, आणि त्यालाही दुसऱ्या वर्षापासून थेंब मिळू लागला होता.

"काम सांग," बेया म्हणाली. "भट्टी पेटवलीये. मला वेळ नाही."

दुर्साफने काम सांगितले. वडिलांचे पुस्तक सोमवारी छपाईला जायचे होते. चौतीस वर्षे शाळेत शिकवता शिकवता त्यांनी एकच छंद केला: या किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडचे वासाचे शब्द गोळा करायचे, प्रत्येकाचा अर्थ नेमका लिहायचा आणि तो शब्द कुठून आला ते शोधायचे. एका शब्दाला एक चिठ्ठी. चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत. गाव त्यांना हसायचे, कारण मास्तरांना विशीपासून तपकिरीचे व्यसन होते आणि त्यांचे नाक केव्हाच मेले होते. गुलाब आणि घासलेट त्यांना सारखेच, असे मुले मागून ओरडायची. ते स्वतःही हसायचे. म्हणायचे, आंधळ्याने नकाशा काढला तर तो प्रत्येक पायरी मोजून काढतो.

प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी शेवटची ओळ असायची, शब्द कुणाकडून ऐकला त्याची. सालेम कोळी, वय साठ, मासळी गल्ली. हाजी मबरूक, वय पंचावन्न, चामडे कमावणारा. आणि बायकांकडून ऐकलेला असेल तर तीनच शब्द: एका विश्वासू बाईकडून. घरच्या बाईचे नाव परक्यांनी वाचायच्या कागदावर लिहायचे नाही, ही त्या पिढीची रीत होती आणि मास्तरांनी ती कधी मोडली नाही. चारशे बारा चिठ्ठ्यांपैकी एकशे साठ त्या विश्वासू बाईच्या होत्या.

आता संपादकाचे पत्र आले होते. परीक्षकाने पुस्तक वाखाणले होते, पण अठ्ठावन्न शब्द असे होते की जे दुसऱ्या कुठल्याही कोशात नाहीत, कुणाकडूनही नोंदलेले नाहीत. ती बाई कोण, तिचे नाव काय, वय काय, ती हयात आहे का, आणि हे शब्द खरोखर बोलले जातात अशी तिची सही मिळेल का? नाहीतर ते शब्द गाळावे लागतील. दुर्साफने कागद पुढे केला. एवढे शब्द गाळल्यावर जे उरेल त्याला पुस्तक म्हणता येणार नाही, हे ती बोलली नाही.

बेयाने कागदाला हात लावला नाही. तिने चुलीत एक फाटा सारला.

"चाळीस वर्षं मी बाई होते," ती म्हणाली. "आता राजधानीतल्या कुणा परक्यानं विचारलं म्हणून मला नाव फुटलं होय?"

"बाबांनी रीत पाळली, आत्या. त्यात तुझा अपमान करायचा—"

"रीत मला नको शिकवूस. फुलांच्या बाजारात माझं नाव घेऊन पोती बाजूला ठेवतात. बेयासाठी, म्हणून ओरडतात. भर रस्त्यात. तिथं कुणाच्या अब्रूला काही झालेलं नाही अजून."

ख़दूजाने खाली बघून देठ खुडणे चालू ठेवले. मग तिला एकाएकी आठवले की दुसरे पोते अजून बाजारातून यायचे आहे, आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली. जाता जाता तिने दुर्साफच्या पाठीवरून हात फिरवला. दार लोटल्याचा आवाज आला.

दोघीच उरल्यावर अंगण लहान झाले.

"वाच," बेया म्हणाली. "सही करायची तर काय काय माझ्या तोंडी घातलंय ते ऐकू तरी दे."

दुर्साफ उभीच होती. खोके काखेतून काढून तिने हौदाच्या कठड्यावर ठेवले आणि पहिली चिठ्ठी उचलली.

"शियात. दूध, भात किंवा कापड लागल्याचा करपट वास. मूळ, जुन्या अरबीतला जळण्याचा धातू."

"आईचा शब्द. पुढं."

"ज़ुहूमा. अंड्याचा, मासळीचा हिंवस वास, हात धुतल्यानंतरही बोटांना राहणारा."

"'धुतल्यानंतरही' लिहिलंय?"

"लिहिलंय."

"न धुतलेल्या हाताला तो शब्द लागत नाही. तीनदा सांगितलं होतं त्याला, तेव्हा कुठं त्यानं लिहिलं." बेयाने हंड्याच्या गळ्याला कान लावला. आत पाण्याने बोलायला सुरुवात केली होती. "पुढं."

असे वीस-पंचवीस शब्द झाले. लोकर भिजल्याचा वास, विहीर उपसल्याचा, तापातून उठलेल्या मुलाच्या टाळूचा. बेया प्रत्येकावर शेरा मारत होती आणि कुठे कुठे मास्तरांच्या व्याख्येतला एखादा शब्द घट्ट किंवा सैल करायला सांगत होती, जशी शिवणकामातली बाई दुसरीच्या टाक्याला बोट लावते. दुर्साफ पेन्सिलीने खुणा करत गेली. एक क्षण असाही आला की ती रागावलेली आहे हे तिच्या लक्षात राहिले नाही.

"रंदूश," तिने वाचले. "रिकाम्या झालेल्या भांड्यात मागे राहणारा वास, विशेषतः आतले दुसऱ्या कुणी ओतून नेल्यावर. मूळ, 'रंद', म्हणजे रश्श्यात घालतो त्या सुगंधी पानांचे झाड. अंदलूसमधून हद्दपार होऊन आलेल्या कुटुंबांबरोबर हा शब्द या किनाऱ्याला लागला असावा. अत्यंत दुर्मिळ. ऐकला: एका विश्वासू बाईकडून."

बेया हसली. दुर्साफ आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसणे ऐकून दुर्साफने चिठ्ठी खाली केली.

"परत वाच. ते अंदलूसचं."

दुर्साफने परत वाचले.

"शेजारच्या बेनी ख़ियारहून आलं होतं ते," बेया म्हणाली. "अंदलूसहून नाही. पाणक्या अम्मारचं खेचर. एका डोळ्यानं आंधळं. आम्ही लहान असताना रोज सकाळी आमच्या दारात उभं राहायचं. त्याचं नाव रंदूश."

हंड्याच्या नळीतून पहिला थेंब आला आणि खालच्या बरणीत पडला. बेयाने तो बोटावर घेतला, हुंगला, आणि बोट पदराला पुसले.

मग तिने सांगितले, आवाज न चढवता, जणू भट्टी कशी लावतात ते सांगावे तसे. दुर्साफ तेव्हा दहा वर्षांची असेल. त्या वसंतात फुलांच्या उत्सवात मास्तरांना मंचावर बोलावले होते. बेया ठेवणीतली पांढरी ओढणी घेऊन बायकांच्या रांगेत बसली होती. मास्तरांनी सत्तर शब्द वाचले. त्यांतले साठ तिचे. प्रत्येकापुढे ते थांबायचे, चष्मा सारखा करायचे आणि म्हणायचे, एका विश्वासू बाईकडून. शेजारच्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, कोण गं ही बाई? एकीने बेयालाच विचारले. त्याच संध्याकाळी मास्तर चिठ्ठ्या घेऊन तिच्या अंगणात आले, खुशीत होते, तपकीर ओढली आणि म्हणाले, काही नवीन? ती रिकामे फाश्के आडवे करून ठेवत होती. जे तोंडात आले ते तिने सांगितले.

"खेचराचं नाव सांगितलं. अर्थ मनचा लावला. तो लिहीत बसला, शिंकला, आभार मानून गेला. आमच्याच गल्लीतलं खेचर. पुस्तकातून एकदा मान वर काढली असती तर ओळखलं असतं त्यानं."

परीक्षकाने नेमका याच शब्दावर अर्धे पान लिहिले होते. एवढा एक शब्द जपला म्हणून तरी या शिक्षकाचे ऋण मानले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. ते पान वाचताना ती मोकळेपणाने रडली होती, वडील गेल्यानंतर पहिल्यांदा.

"असे आणखी किती आहेत?" तिने विचारले.

"मोजले नाहीत."

"आत्या, सोमवारी छापायला जायचंय. त्यांच्या नावावर. लोक हसतील असं काही त्यात राहिलं तर हसण्यावारी न्यायला ते नाहीत आता. किती आहेत?"

"तू मला सांगितलंस का, तो किती दिवसांचा सोबती आहे ते?"

"मी फोन केला होता."

"केलास. म्हणालीस, बरे आहेत."

तिने तसेच म्हटले होते. वडील उशीला टेकून समोर बसले होते आणि हाताने खुणावत होते, बरा आहे म्हण, बरा आहे म्हण, फुलांचे दिवस जवळ आलेत, तिला उठवू नको. आता हे सांगणे म्हणजे मेलेल्या माणसाला पुढे करून स्वतः मागे लपण्यासारखे होते. तिने सांगितले नाही.

"माझा भाऊ गेला आणि मला रडायला तयार पार्सल आलं," बेया म्हणाली. "आता त्याच्या पुस्तकासाठी मी सही करू. खोट्याखऱ्यावर. तूच शोध. शिकलेली आहेस."

दुर्साफने चिठ्ठ्या खोक्यात भरल्या. तिचे हात व्यवस्थित काम करत होते. तिला स्वतःलाच त्याचे नवल वाटले. रंदूशची चिठ्ठी मात्र तिने आत ठेवली नाही, ती कठड्यावर उलटी पडून राहिली. मग तिने चादरीची गाठ सोडली आणि फाश्का चुलीजवळ नेऊन ठेवला. हिरव्या काचेचा, फुगीर पोटाचा, बाहेरून गवत विणलेला जुना फाश्का. दर वसंतात बेया तो पहिल्या धारेच्या पाण्याने भरून भावाकडे पाठवायची आणि दर वसंतात तो रिकामा, न धुता तिच्याकडे परत यायचा. फाश्का कधी धुवायचा नसतो, हे दुर्साफला वाचता येण्याआधीपासून ठाऊक होते.

"हा तुझा. तेवढा पोचवायचा होता."

दार ढकलले गेले. ख़दूजा कमरेवर पोते घेऊन धापा टाकत आत आली. बाजारात कुणीतरी बायकांच्या रांगेत मध्येच घुसले होते आणि तिने त्याची कशी खरडपट्टी काढली हे सांगत सांगत तिने पोते कापडावर ओतले. नव्या फुलांचा घमघमाट अंगणात उसळला. मग तिला फाश्का दिसला आणि ती थबकली.

"हमादीचा?" ती म्हणाली. "बघ गं बेया, बुरशी नाही ना धरली? राजधानीतल्या बंद घरात धरते. मग पाणी नासवतं."

हे पाहणे बेयाचे रोजचे काम होते. वर्षाला पन्नास-साठ फाश्के तिच्याकडे भरायला येत, आणि नाकाखालून गेल्याशिवाय एकातही ती पाणी ओतत नसे. तिने फाश्का मांडीवर घेतला, बूच काढले, एक नाकपुडी अंगठ्याने दाबली, डोळे मिटले आणि तोंडाशी नाक नेले. बराच वेळ ती तशी होती.

"नाही. चांगला आहे," ती म्हणाली. "नुसता रंदूश आहे. पहिल्या पाण्याबरोबर निघून जाईल."

"मग धुरी द्यायला नको."

"नको."

ख़दूजा बसली आणि देठ खुडू लागली. तिला काहीच वेगळे ऐकू आले नव्हते.

बेयाने डोळे उघडले. तिचा अंगठा अजून नाकपुडीवरच होता. तिने दुर्साफकडे पाहिले नाही. दुर्साफनेही मान वळवली आणि कठड्यावरची चिठ्ठी सरळ केली. नळीतून आता थेंबामागे थेंब येत होते.

दुर्साफने पिशवीतून पेन काढले. 'रंद'च्या झाडापासून अंदलूसपर्यंतच्या त्या दोन ओळींवर तिने पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ मारली. नंतर ती हौदाच्या कठड्याला टेकून, चिठ्ठी खोक्याच्या झाकणावर ठेवून लिहू लागली. ते फार नव्हते, पण तिने सावकाश लिहिले.

"काय लिहितेस?" बेयाने विचारले.

दुर्साफने चिठ्ठी तिच्यासमोर धरली. बेया तिसरीत असताना तिला शाळेतून काढले होते. ती अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत वाचू लागली. मूळ: नाबुल. प्रथम म्हटला: बेया, सालेह सर्राज यांची मुलगी, फुलांचे पाणी काढणारी. आपल्या नावाखाली तिचे बोट आले आणि थांबले. बोटाला लागलेला ओला पराग कागदावर उठला.

"वय नाही लिहिलंस," ती म्हणाली. "पुरुषांचं लिहायचा ना तो."

"किती लिहू?"

"तेव्हा त्रेचाळीस होते."

दुर्साफने लिहिले.

"तुझे ते राजधानीतले आता हा शब्द काढून टाकतील."

"टाकतील कदाचित."

"टाकू देत. ख़दूजाच्या तोंडातून कसा काढतील ते बघू." तिने फाश्का मांडीवरून उतरवला, बरणीतले पहिले पाणी त्यात ओतले आणि वर बूच न लावता पातळ फडके बांधले. नव्या पाण्याला आगीचा वास असतो; तो उडून जाईपर्यंत फाश्क्याचे तोंड मोकळे ठेवावे लागते. "चाळीस दिवस हा इथून हलणार नाही," ती म्हणाली. ये, असे ती म्हणाली नाही.

मग तिने स्टुलावरचे कणकेचे ताट उचलून जमिनीवर ठेवले आणि पायाने स्टूल दुर्साफच्या दिशेने सरकवले.

"आणखी तीन आहेत तसले. कुणी बोलत नाही ते. त्यालाच सांगितले आणि त्याच्याबरोबर गेले. सांगते, फाडून टाक. सही मग. आधी पहिल्यापासून वाच."

दुर्साफ बसली. खोके तिने मांडीवर घेतले.

"थांब," बेया म्हणाली. "त्या चिठ्ठीवर खेचरही लिही. नाव त्याचंच आहे. ज्याचं त्याला मिळू दे."

"कुठलं खेचर?" ख़दूजाने विचारले.

"अम्मार पाणक्याचं. रंदूश."

"अगं बाई. तो राक्षस?" ख़दूजा हसू लागली, मूठभर फुले तिच्या मांडीवरून सांडली. "त्यानंच ना हमादीचा दंड फोडला होता. दहा वर्षांचा असेल. त्याच्या आंधळ्या डोळ्याच्या बाजूनं जाऊन शेपूट ओढायला गेला, आणि ते असं वळलं आणि असा लचका घेतला. रक्ताची धार. घरी सांगितलं भिंतीवरून पडलो म्हणून. मला शपथ घातली होती, बेयाला सांगशील तर बघ, ती जन्मभर चिडवेल. नंतर किती दिवस त्या खेचराचं नाव काढलं की पांढरा पडायचा."

दुर्साफचे पेन कागदावर टेकलेले होते. तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. तिने पेन उचलले.

"आत्या," ती म्हणाली, "बाबांच्या दंडावरचा तो व्रण. मी विचारलं की ते सांगायचे, अंदलूसहून आलेल्या एका सद्गृहस्थानं दिला."

"त्याला काय," ख़दूजा म्हणाली, "काहीही सांगायचा मेला," आणि सांडलेली फुले वेचू लागली.

बेया हसली नाही. तिने दुर्साफच्या हातातली चिठ्ठी मागून घेतली आणि नव्या ओळी सोडून, रेघ मारलेल्या ओळींवर बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत ती वाचत राहिली. दोन ओळी वाचायला तिला लागायला हवा होता त्याहून पुष्कळ वेळ लागला. "म्हणजे ओळखलं होतं त्यानं," ती म्हणाली.

मग तिने चिठ्ठी परत दिली आणि ती भट्टीपाशी गेली. झाकणावरच्या वाडग्यातले पाणी तापले की ते काढून गार पाणी भरायचे असते. ते अजून तापले नव्हते. बेयाने तरी ते उपसून टाकले, हौदातून बादली भरली आणि भाचीकडे पाठ करून नवे पाणी ओतले. वाडगा काठोकाठ भरला, भरून वाहू लागला, आणि बादली रिकामी झाली तरी ती तशीच तिरकी धरून उभी होती.